सात मात्रांची चादर

"तुम्ही शिट्टीला ओळखता म्हणे?" असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. ओळखता म्हणे! अहो, तिला हे नाव पडलं तेच मुळी माझ्या बॉयलरमुळे. आज तिची पोस्टरं भिंतीभिंतीवर लागतात. लोक म्हणतात, हिने जॅझ आणि कामकरी बायांची गाणी एकत्र करून नवंच काहीतरी काढलं. काढलं खरं. पण ते कुठे काढलं, कोणाच्या जिवावर काढलं आणि त्यापायी माझ्या घरात आठ महिने काय तमाशा झाला, ते मला विचारा. किंवा नका विचारू, मी सांगणारच आहे.

मी एका मोठ्या लाँड्रीत बॉयलर सांभाळायचो. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी आमच्याकडे यायच्या, दिवसाला दोन-अडीच हजार. तळमजल्यावर धुलाईची मशिनं, त्याच्या मागे माझा बॉयलर, आणि वरच्या मजल्यावर खिडक्यांना लागून घड्या घालायचं लांबलचक टेबल. त्या टेबलाची मुकादम म्हणजे माझी बायको. सगळे तिला मुकादमबाई म्हणायचे. घरी मी वेगळं काही म्हणत असे, पण तिथेही ती मुकादमबाईच होती.

चहाच्या सुट्टीची वाफेची शिट्टी मी वाजवायचो, बरोबर अकराला. एक दिवस पावणेअकरालाच शिट्टी झाली आणि अख्खा मजला धडाधडा जिना उतरून चहाला आला. मी तर शिट्टीला हातही लावला नव्हता! वर जाऊन बघतो तर नवीन लागलेली एकोणीस वर्षांची पोरगी टेबलाशी उभी, गालात हसू दाबून. तोंडाने वाजवली होती बयेने. मालक लालबुंद झाले. माझी बायको मात्र कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभी राहिली.

"पुन्हा वाजव," ती म्हणाली.

पोरीने घाबरत घाबरत वाजवली.

"सूर बरोबर आहे, वेळ चुकली. उद्यापासून तू माझ्या समोरचं टोक धरायचं."

त्या दिवसापासून ती शिट्टी.

आता टोक धरणं म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोठ्या चादरीची घडी एकटीला येत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, प्रत्येकीच्या हातात दोन टोकं. चादर ताणून झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक जुळवायचं, खालची घडी उचलायची आणि पुन्हा मागे जायचं. असं तीनदा. तिसऱ्या घडीला दोघींची नाकं जवळजवळ एकमेकींना लागतात. हे दिवसभर करायचं तर डोकं जागेवर राहायला हवं, म्हणून बाया गायच्या. झटकायला चार मात्रा, चालायला तीन. झाल्या सात. गाण्याची चाल एकच, आणि शब्दांचा एक कायदा होता. जिच्या हातून टोक सुटेल तिच्यावर समोरचीने तिथल्या तिथे कडवं रचायचं, झोंबेल असं. मग सगळ्या टेबलाने ते गायचं, दुसऱ्या कोणाच्या हातून टोक सुटेपर्यंत. दुसरं कडवं आलं की पहिलं मेलं. मेलेलं कडवं पुन्हा कोणी काढायचं नाही. त्यामुळे तिथे रोज सगळ्यांची टिंगल व्हायची आणि संध्याकाळी कोणाच्याही मनात काही उरायचं नाही.

शिट्टी यात पटाईत निघाली. तिची कडवी ऐकायला पोरी मुद्दाम टोक सोडायच्या. पण मुद्दाम सोडलेलं धरत नसत, हाही कायदाच.

माझा एक नाद आहे. मी डबल बास वाजवतो. माणसाच्या उंचीचं ते वाद्य, घरी आणलं तेव्हा बायको म्हणाली, "एक तर हे राहील नाहीतर कपाट." कपाट राहिलं. बास गेला बॉयलरच्या खोलीत. रविवारी दुपारी एका हॉटेलच्या दिवाणखान्यात आमचा जॅझचा बँड बसायचा. पियानोवर शाळेतले गाण्याचे मास्तर, ड्रमवर एक न्हावी आणि बासवर मी. चाळीस वर्षांत माझी एक मात्रा चुकलेली नाही. हे मी नाही म्हणत, न्हावी म्हणतो, आणि तो कोणाचं चांगलं बोलणारा माणूस नाही.

चहाच्या सुट्टीत शिट्टी खाली यायची, टोपली पालथी घालून बसायची आणि माझ्या बासवर घडीचं गाणं म्हणायची. मी चारात चालायचो, ती सातात. दर दोन ओळींनी आम्ही धडकायचो. मी चिडायचो, ती हसायची. पण एक दिवस मी हट्ट सोडला, तिच्या सातात चालून बघितलं, आणि अंगावर काटा आला हो! तीच आमची गल्लीतली, साबणाचा वास येणारी चाल, पण खाली बास असा डुलत होता, की जिन्यावर उभ्या बायांच्या हातातले कप डुलायला लागले.

हॉटेलातली आमची गायिका लग्न करून दुसऱ्या गावी गेली, तेव्हा मी शिट्टीला उभं केलं. पहिल्या रविवारी तिने ठरलेली गाणी म्हटली, बरी म्हटली. दुसऱ्या रविवारी स्वतःचं एक म्हटलं. शेवटच्या बसची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं होतं, घडीच्या चालीवर. न्हावी तिसऱ्याच ओळीत घसरला. सात मोजता मोजता तो दर वेळी आठवी मात्रा वाजवून मोकळा व्हायचा.

"गाण्यात काहीतरी कमी पडतंय," तो म्हणाला.

"तुझ्या डोक्यात कमी पडतंय," मी म्हणालो. झालं! आठवडाभर त्याने माझे केस कापले नाहीत.

तो गुंता सोडवला माझ्या बायकोने. तिने न्हाव्याला आणि मास्तरांना सुट्टीच्या दिवशी लाँड्रीत बोलावलं, हातात चादर दिली आणि दीडशे घड्या घालून घेतल्या. मास्तरांचा चष्मा दोनदा चादरीत गुंडाळला गेला. पण सात मात्रा जन्माच्या बसल्या. बायको म्हणाली, "बोटांनी मोजू नका, पायांनी मोजा." आजही मोठमोठे वाजवणारे शिट्टीला विचारतात, ही लय कशी सांभाळायची, आणि ती हेच वाक्य सांगते. सांगताना म्हणते, आमच्या काकू म्हणायच्या.

तर असं चार वर्षं चाललं. शिट्टी दिवसा घड्या घालायची, गाणी रचायची आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन बायकोला म्हणून दाखवायची. बायको कांदा चिरत ऐकायची. "हे रडगाणं आहे, फेक." "हे चांगलंय, पण दुसरी ओळ तुझी नाही, कुठून तरी ऐकलेली आहे." शिट्टी मुकाट्याने फेकायची. आम्हाला मूलबाळ नाही. त्याबद्दल आम्ही कधी बोलत नाही. पण शिट्टीचा कप आमच्या फळीवर तिसऱ्या खिळ्याला टांगलेला असायचा, एवढं सांगतो.

आणि मग मी माती खाल्ली.

तिची पहिली रेकॉर्ड करायची ठरली. टायरच्या दुकानावरची खोली, भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकलेले. नऊ गाणी झाली. दहावं होतं खुद्द घडीचं गाणं, आणि त्याला एक कडवं कमी पडत होतं. रेकॉर्डिंगवाला घड्याळ बघत होता. शिट्टी म्हणाली, "नवीन रचते, पाच मिनिटं द्या." मी शहाणा मधे पडलो. म्हणालो, "नवीन कशाला? ते मुकादमबाईंचं म्हण की! त्याच्यासारखं दुसरं नाही."

ते कडवं असं. दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या हातून टोक सुटलं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा. चादर ताणून उभ्या उभ्या तिला झोप लागली आणि ती चक्क घोरली. शिट्टी समोर होती. तिने तिथेच रचलं:

"मुकादमबाई, मुकादमबाई, उभ्या उभ्या घोरल्या,
घोड्याने पाहिलं, घोडा म्हणाला, माझ्याहून थोरल्या!"

म्हणे मजला हसून लोळला. सगळ्यात जास्त माझी बायको हसली. तासाभरात दुसऱ्या कोणाच्या हातून टोक सुटलं आणि ते कडवं मेलं. मी नेमका त्या आठवड्यात तापाने फणफणून घरी पडलो होतो, त्यामुळे एवढी मजा हुकली याची मला कितीतरी दिवस हळहळ होती. कदाचित म्हणूनच ते माझ्या डोक्यात बसलं असेल.

शिट्टी म्हणाली, "काका, मेलेलं आहे ते."

"अगं, काकूंना मजाच वाटेल," मी म्हणालो. तिने माझं ऐकलं. मोठ्या माणसाचं ऐकलं बिचारीने.

रेकॉर्ड निघाली आणि ते गाणं सुसाट सुटलं. रेडिओवर सकाळ-संध्याकाळ तेच. भाजीवाला म्हणतोय, बसचा कंडक्टर म्हणतोय. वर्तमानपत्रात फोटो आला, बाहेरगावची बोलावणी आली, शिट्टीने लाँड्री सोडली. आणि इकडे माझी बायको रस्त्याने निघाली की पोरं घोड्यासारखी खिंकाळायला लागली. बँकेतल्या बाईने नाव लिहिताना विचारलं, "त्या घोड्यावाल्या मुकादमबाई तुम्हीच का?" वीस वर्षं तिने टोक सोडलं नव्हतं. एकदा डोळा लागला, आणि सगळ्या गावाला तिचं तेवढंच माहीत झालं.

तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तिने शिट्टीचा कप खिळ्यावरून काढला, धुतला, पुसला आणि कपाटात मागे ठेवून दिला. आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. अगदीच बंद नाही, ती किटलीशी बोलायची. "किटली, यांना म्हणावं, जेवण झाकून ठेवलंय." मीही चिडून एकदा किटलीला म्हणालो, "त्यांना सांग, मीठ कमी आहे." तर म्हणते, "किटली, यांना सांग, मिठाची बरणी यांच्या कोपरापाशी आहे."

शिट्टी तीनदा दारात येऊन गेली. बायको आतून बाहेर आली नाही. तिसऱ्यांदा पोरगी पायरीवर बसून माझ्यासमोर रडली. "काका, रेकॉर्डमधून ते कडवं काढायला लावते. सगळीकडे म्हणणं बंद करते. मला ते नाव नको, ती पोस्टरं नकोत, मला काकू हव्यात." माझाच पराक्रम होता. तिची गाणीही आटली होती. सगळ्यांना वाटत होतं ती शिखरावर आहे, आणि मला माहीत होतं की आठ महिन्यांत तिने एक ओळ लिहिलेली नाही. लिहिलेलं दाखवणार कोणाला, ती म्हणायची. दुसऱ्या रेकॉर्डसाठी कोरा कागद घेऊन बसायची नुसती.

शेवटी मी घरी येऊन बायकोसमोर हात जोडले. म्हटलं, "किटलीला नाही, मला सांग. कडवं एवढं वाईट होतं का?"

आठ महिन्यांनी ती माझ्याकडे बघून बोलली. "कडवं चांगलंच होतं. मी हसले होते. पण त्याच्या पुढचं कडवं कुठाय? टेबलावर तासाभरात दुसरीचं टोक सुटतं. रेकॉर्डमध्ये कोणाचंच सुटत नाही. तिथे मी घोरतेच आहे, घोरतेच आहे." एवढं बोलून ती उठली आणि भांडी घासायला लागली, जोरजोरात.

मी ते जसंच्या तसं शिट्टीला सांगितलं. ती म्हणाली, "काका, लाँड्रीला पन्नास वर्षं होतायत ना? मालकांना सांगा, मी येऊन गाते. वरच्या मजल्यावर. रविवारी दुपारी."

मजल्याच्या किल्ल्या बायकोकडे. म्हणजे दार उघडायला आणि शेवटी बंद करायला तिला यावंच लागणार. पोरगी हुशारच!

रविवार उजाडला. टेबल भिंतीला सारलं, टोपल्या पालथ्या घालून लोक बसले, जागा पुरेना म्हणून जिन्यातही बसले. जुन्या-नव्या सगळ्या बाया आल्या होत्या. रेकॉर्डिंगवालाही आपलं मशीन घेऊन कोपऱ्यात बसला होता. माझी बायको दाराशी टोपलीवर बसली, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर, तोंड खिडकीकडे. शिट्टी गायली. शेवटच्या बसवाल्या बाईचं गाणं गायली, बटणाच्या डब्याचं गायली, आणि मास्तर असे रंगात आले की पियानोवरचा पाण्याचा ग्लास सरकत सरकत कडेला गेला. मी शेवटच्या क्षणी पकडला, बास न थांबवता. बायको खिडकीकडेच बघत होती.

शेवटी घडीचं गाणं. लोकांनी टाळ्या सुरू केल्या, खिंकाळायची तयारी केली. शिट्टीने हात वर केला. फळीवरून एक पांढरीशुभ्र, इस्त्रीची चादर घेतली, फटकन उलगडली, दोन टोकं हातात धरली आणि उरलेली दोन सोडून दिली. चादर जमिनीवर लोळायला लागली.

तुम्हाला काय, चादर आहे. पण लाँड्रीत धुतलेली चादर जमिनीला लागणं म्हणजे काय, ते त्या बायांना विचारा. सगळा मजला "अगं अगं अगं!" करून ओरडला. आणि दाराशी किल्ल्या खळ्ळकन पडल्या. माझी बायको तरातरा गर्दीतून आली, वाकली आणि टोकं उचलली. ती माफ करायला आली नव्हती. तिला ती चादर बघवली नाही, बस.

"काकू, माझ्या हातून टोक सुटलं," शिट्टी म्हणाली. "कडवं तुमचं."

"मुद्दाम सोडलेलं धरत नाहीत," बायको म्हणाली. "ताण."

लोक हसले. दोघींनी चादर ताणली. मी बास धरला, न्हावी सातात शिरला, आणि घडी सुरू झाली. चार मात्रा झटका, तीन पावलं. पहिली घडी. दुसरी घडी. आठ महिन्यांनी समोरासमोर उभ्या होत्या, पण टोकाला टोक असं जुळत होतं की बघणारे टोपल्यांवरून पुढे सरकले. तिसऱ्या घडीला दोघी नाकासमोर नाक आल्या, माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यामुळे बायको जे हळूच बोलली ते शिट्टीने आणि मीच ऐकलं.

"तेव्हा हे तापाने फणफणले होते. डॉक्टरने आशा सोडली होती. सहा रात्री मी पाठ टेकली नव्हती. कोणाला सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. तुला काय माहीत असणार, पोरी."

शिट्टीने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिला असं भडभडून आलं, की हातातल्या चादरीनेच तिने नाक पुसलं. धुतलेल्या, इस्त्रीच्या चादरीने! आणि टोक सुटलं. या वेळी खरंखुरं.

माझ्या बायकोने त्या नाक पुसलेल्या टोकाकडे बघितलं, मान हलवली, आणि खड्या आवाजात, बरोबर सातात, कडवं टाकलं:

"शिट्टीबाई, शिट्टीबाई, मोठ्या झाल्या गाऊन,
चादरीला माझ्या नाक पुसलं, आण, देते धुऊन!"

काय सांगू! बाया उभ्या राहिल्या, जिन्यातले लोक वर आले, सगळा मजला तेच कडवं म्हणायला लागला. घोडा मेला तो तिथेच. शिट्टी काकूंच्या गळ्यात पडून हसत होती की रडत होती, ते तिचं तिला माहीत. दुसऱ्या रेकॉर्डमध्ये ते कडवं आहे, माझ्या बायकोच्याच आवाजात. तुम्ही ऐकलं असेल. आणि आता शिट्टी प्रत्येक कार्यक्रमात एक चादर नेते, ऐकायला आलेल्यांपैकी कोणालातरी समोर उभं करते, आणि टोक सुटलं की नवीन कडवं होतं. एकही कडवं दुसऱ्या दिवशी जगत नाही.

पण तुम्ही त्या रेकॉर्डला नीट कान दिलात, तर एक गोष्ट कळेल. ती रेकॉर्ड त्याच दिवशीची, त्याच मजल्यावरची आहे. बायकोचं कडवं सुरू होण्याआधी बास ऐकू येत नाही. एक मात्रा नाही, दोन नाही, सातच्या सात गायब आहेत. हात चाललाच नाही माझा. दोन वर्षं मी ते कडवं मिटक्या मारत आठवत होतो, आणि ती कोणापायी उभ्या उभ्या झोपली होती हे एकदाही विचारलं नव्हतं.

आम्ही तिघं घरी आल्यावर बायकोने कपाटातून तिसरा कप काढून खिळ्याला टांगला. मग माझ्याकडे वळली. किटलीकडे नाही.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकलात ना?" ती म्हणाली. "बसा समोर. तुमच्यावर कडवं राहिलंय."

ते कडवं मी इथे सांगणार नाही. शिट्टी चहा घेत समोरच बसली होती, तिला पाठ आहे. पण ती सांगायची नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने दूध उतू घालवलं आणि ते मेलं.